शोकयात्रेतील वाद्यवृंद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्नेहसंमेलनासारख्या मंगल प्रसंगी अंत्ययात्रेतील वाद्यांविषयी बोलावयास उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना औचित्याला सोडून वाटेल. संगीतावर काही सांगा, एवढीच चिटणीसांची आज्ञा होती. त्यांच्या मनात नाट्यपदे असतील, अभंग असतील, फार तर एखाद्या घराण्याची गायकी असेल. परंतु मैफलीतले, देवळातले आणि नाटकगृहातले संगीत आपण पुष्कळ ऐकतो आणि त्याविषयी पुष्कळ बोलतोही. ज्या संगीताला कोणी टाळी देत नाही, 'वन्समोअर' मागत नाही, आणि जे वाजविणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून येत नाही, अशा एका संगीताकडे आज आपले लक्ष वेधावे असे मला वाटले. राष्ट्राचा एखादा मोठा पुरुष किंवा मोठी स्त्री दिवंगत होते, ध्वजात लपेटलेला देह तोफगाड्यावर ठेवला जातो, आणि सैनिकांचा वाद्यवृंद संथ पावलांनी चालू लागतो. त्या वाद्यवृंदाविषयी मी बोलणार आहे. तो तेथे शोभेसाठी नसतो. तो एक काम करीत असतो, आणि ते काम दुसऱ्या कोणालाही करता येण्यासारखे नसते. ते काम करणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न त्यातूनच निघतो, आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

सैन्यात वाद्ये शिरली ती करमणुकीसाठी नव्हेत. ज्या काळी तारायंत्र नव्हते, दूरध्वनी नव्हता, त्या काळी सेनापतीचा शब्द धुरळ्यातून आणि आरडाओरड्यातून हजार पावलांवर कसा पोहोचवावयाचा, हा मोठा प्रश्न होता. माणसाचा कंठ तेथे अपुरा पडे. म्हणून आपल्याकडे नौबत, कर्णा, तुतारी आणि रणशिंग आले, तर युरोपात पडघम आणि बिगूल आले. चाल करा, थांबा, मागे या, जेवावयास चला, दिवे मालवा, अशा प्रत्येक आज्ञेला तिची स्वतंत्र सुरावट ठरली. सैनिकाला ती मातृभाषेइतकी परिचयाची असे. तुर्की सुलतानांच्या जॅनिसरी पलटणींबरोबर मोठे ढोल, झांजा आणि सुषिर वाद्ये यांचा ताफा चालत असे. अठराव्या शतकात युरोपातील राजांनी ती ढोलझांजांची रीत उचलली, आणि आज ज्याला आपण मिलिटरी बँड म्हणतो त्याचा सांगाडा तयार झाला.

हा इतिहास थोडक्यात सांगितला तो एवढ्यासाठी की, शोकप्रसंगी वाजणाऱ्या बिगुलाचा अर्थ त्यावाचून नीट कळत नाही. ब्रिटिश परंपरेतून आपल्या सैन्यात आलेल्या 'लास्ट पोस्ट' या सुरावटीचे उदाहरण घ्या. 'लास्ट पोस्ट' म्हणजे अखेरची चौकी. रात्री अधिकारी छावणीभोवतीचे पहारे तपासीत फिरे. शेवटची चौकी तपासून झाली की बिगूल वाजे, आणि छावणीला कळे की सर्व पहारे जागेवर आहेत, दिवसाचे काम संपले, आता निर्धास्तपणे निजावे. ही मुळात मृत्यूची सुरावट नव्हतीच. कोणा सैनिकाच्या कबरीजवळ ती प्रथम वाजविली गेली असेल तेव्हा तिचा अर्थ आपोआप बदलला असेल. गड्या, तुझा पहारा संपला, आता नीज, एवढेच ती सांगू लागली. 'लास्ट पोस्ट' संपल्यावर काही काळ निःशब्द शांतता पाळतात, आणि नंतर पहाटे सैनिकांना जागविणारी सुरावट त्याच बिगुलावर वाजते. रात्र, स्तब्धता आणि पहाट असा हा क्रम आहे. यात एकही शब्द नाही, म्हणून कोणत्याही धर्माच्या आणि कोणत्याही भाषेच्या माणसाच्या चितेशी किंवा कबरीशी तो सारखाच शोभून दिसतो.

आता मिरवणुकीचा विधी पाहू. जलद संचलनात ब्रिटिश पद्धतीचा सैनिक मिनिटाला साधारणपणे १२० पावले टाकतो. शोकयात्रेत ही गती पुष्कळच कमी करतात. १९ सप्टेंबर २०२२ रोजी लंडनमध्ये राणी दुसरी एलिझाबेथ यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा मिनिटाला ७५ पावले अशी गती बांधली होती. पडघमांवर काळे कापड घालतात, त्यामुळे त्यांचा कडकडाट जाऊन मागे एक दबका, जड ठोका उरतो. सैनिक आपली शस्त्रे उलटी धरतात, नळी जमिनीकडे. आपल्या सैन्यात या प्रसंगाची 'शोक शस्त्र' ही आज्ञा पुष्कळांनी ऐकली असेल. बंदुकीनेसुद्धा मान खाली घालावी असा तो देखावा असतो.

ही गती सांभाळणे बाहेरून वाटते तितके सोपे नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणूक तेवढी लांब असली, तर अग्रभागी पडलेला ढोलाचा ठोका शेवटच्या माणसाला एक सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला ७५ पावले म्हणजे एका पावलाला ०.८ सेकंद. म्हणजे शेपटाकडचा माणूस पुढच्या माणसाच्या एका पावलाहून अधिक मागे पडला! त्याने कानाने ऐकून इमानदारीने पाऊल टाकले तरी डोळ्यांना ते चुकलेलेच दिसणार. म्हणून मोठ्या शोकयात्रेत एकच वाद्यवृंद पुरत नाही. राणीच्या अंत्ययात्रेत संचलनाचे सात गट केले होते आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र वाद्यवृंद दिला होता. याशिवाय स्कॉटिश व आयरिश पलटणींचे, गुरखा ब्रिगेडचे आणि विमानदलाचे मिळून सुमारे २०० वादक आपले बॅगपाइप आणि पडघम घेऊन अग्रभागी चालत होते. तोफगाडा घोड्यांनी ओढला नव्हता, १४२ नाविकांनी दोरांनी ओढला होता. या प्रथेचे मूळ १९०१ साली आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत विंडसर येथे राणी व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले, साज तुटला, आणि जवळ उभ्या असलेल्या नाविकांनी दोर हाती घेतले. त्या वेळची अडचण पुढे मानाची रीत होऊन बसली.

वाद्यवृंद या प्रसंगी वाजवितो काय, हेही पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य देशांत दोन रचना विशेष प्रसिद्ध आहेत. एक शोपँ या पोलिश रचनाकाराच्या पियानोवरील दुसऱ्या सोनाटातील शोकसंचलन, आणि दुसरी हँडेलच्या 'सॉल' या १७३९ सालच्या संगीतकृतीतील शोकसंचलन. शोपँची रचना आपल्या कानाला ओळखीची वाटते, कारण तिचा स्वरसमूह आपल्या आसावरी थाटाच्या जवळचा आहे. गंधार, धैवत, निषाद कोमल, मन आपोआप खाली जाते. हँडेलची रचना मात्र सर्व शुद्ध स्वरांची, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या जातीची आहे. शोक कोमल स्वरांतच सांगावयाचा असतो असे आपण धरून चालतो, आणि येथे बिलावलाच्या स्वरांत शोकयात्रा चालते! पण ती ऐकली म्हणजे कारण उमगते. हँडेल रडत नाही. तो सरळ ताठ उभा आहे, आणि एकेक पाऊल मोजून टाकीत आहे. घरातला कर्ता माणूस आईच्या मर्तिकाच्या दिवशी डोळे कोरडे ठेवून लाकडांची, भटजींची, आल्यागेल्यांची व्यवस्था पाहतो, त्याच्या शोकाची जी जात, तीच या संगीताची जात.

याच ठिकाणी मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. शोकाकुल जमाव म्हणजे काय असतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रत्येकाच्या पायांत निराळी गती, प्रत्येकाच्या कंठात निराळा हुंदका. कोणी पुढे धावतो, कोणी बसकण मारतो. आपल्या वारकऱ्यांनी यावर शतकांपूर्वी उपाय शोधला. वारकऱ्याचा देह नेताना टाळमृदंगाचा गजर चालतो, आणि त्या ठेक्यावर सगळा गाव एका पावलाने स्मशानापर्यंत जातो. सैनिकी वाद्यवृंद हेच काम राष्ट्राच्या पायरीवर करतो. लाखो माणसांच्या विस्कळीत दुःखाला तो एक पाऊल देतो. खांदा देणारे आपल्याला दिसतात. पण ज्याच्या श्वासावर सगळी यात्रा चालते तो वादकही खांदेकरीच असतो, आणि त्याच्या खांद्यावरचे ओझे डोळ्यांना दिसत नाही.

ते ओझे केवढे असते, याचे एक उदाहरण इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा वध झाला. २५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. १७९८ साली स्थापन झालेला तेथील मरीन दलाचा वाद्यवृंद संचलनात होता, आणि स्कॉटलंडच्या 'ब्लॅक वॉच' पलटणीचे ९ बॅगपाइपवादकही होते. याच पलटणीच्या ताफ्याचे वादन केनेडींनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अवघ्या १२ दिवसांपूर्वी ऐकले होते. अमेरिकन सैन्यात 'लास्ट पोस्ट'च्या जागी 'टॅप्स' नावाची सुरावट वाजवितात. तेथील यादवी युद्धात, १८६२ सालच्या जुलैमध्ये, व्हर्जिनियातील छावणीत जनरल बटरफील्ड यांनी ती आपल्या बिगूलवाल्याकडून बसवून घेतली होती. ती अवघ्या २४ स्वरांची आहे. प्रत्येक बिगूलवाला ती झोपेतही वाजवू शकेल इतकी सोपी.

त्या दिवशी ती वाजविण्याचा मान सार्जंट कीथ क्लार्क यांच्याकडे होता. ते सैन्याच्या वाद्यवृंदातील अग्रगण्य बिगूलवादक होते. कडाक्याच्या थंडीत ते कित्येक तास कबरीजवळ उभे होते. बिगूलवाल्याचे ओठ गारठले की धातूच्या मुखनळीवर त्यांचा ताबा राहत नाही, हे त्या क्षेत्रातील कोणीही सांगेल. मग बंदुकांच्या फैरी झडल्या. समोर दिवंगत अध्यक्षांची पत्नी, आणि दूरचित्रवाणीवर सगळा देश. क्लार्क यांनी बिगूल ओठांना लावला. पाच स्वर स्वच्छ निघाले आणि सहावा स्वर फुटला. उरलेले अठरा स्वर त्यांनी निर्दोष वाजवून सुरावट पुरी केली.

जिवंत प्रक्षेपणात एक स्वर फुटणे ही कोणाही वादकाच्या दृष्टीने केवढी आपत्ती! पण लोकांनी तो स्वर कसा ऐकला पाहा. कित्येकांना वाटले की तो जाणूनबुजून तसा वाजविला. राष्ट्राच्या कंठातला हुंदका बिगुलातून निघाला, असे लोक बोलू लागले. तो जाणूनबुजून नव्हता, आणि चांगला वादक असे कधी करणारही नाही. लोकांना हलविले त्या फुटलेल्या स्वराने हे खरे. परंतु मला त्याहून मोठे वाटतात ते पुढचे अठरा स्वर. सहावा स्वर फुटल्यावर मनात काय झाले असेल ते बाजूला सारून, सातवा स्वर नेमक्या वेळी, नेमक्या उंचीवर लावणे, हीच त्या माणसाची विद्या. यात्रेतील इतरांना रडण्याची मुभा असते. वादकाला ती नसते, कारण रडणाऱ्या माणसाचा श्वास तुटतो आणि तुटल्या श्वासाने बिगूल वाजत नाही. सगळ्यांना मोकळेपणी रडता यावे म्हणून एकाने कोरडे राहावयाचे, असा तो व्यवहार आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची अंत्ययात्रा दिल्लीत बिर्ला भवनातून राजघाटाकडे निघाली. देह सैन्याच्या वाहनावर ठेवलेला होता, पण इंजिन बंद होते. भूदल, नौदल आणि विमानदलाचे सैनिक दोर ओढून ते वाहन नेत होते. ज्याने आयुष्यभर शस्त्राला नकार दिला त्याची अंतिम यात्रा सैन्याच्या हाती द्यावी, यातील विसंगती तेव्हाही पुष्कळांना खटकली. परंतु फाळणीच्या जखमा ताज्या असताना, दिल्लीत लोटलेल्या त्या अफाट जनसागराला वाट काढून देईल अशी शिस्त दुसऱ्या कोणाजवळ होती? सैन्याच्या अंगी दोन गुण असतात, मारण्याचा आणि रांगेत चालण्याचा. त्या दिवशी राष्ट्राने त्याच्याकडे दुसराच गुण मागितला.

स्वतंत्र राष्ट्राला आपले समारंभ आपल्या वाद्यांवर बसवावे लागतात, हा अनुभव आपल्याला त्याच सुमारास आला. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील अधिवेशनात आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागण्यात आले. जवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती, ती तेथील वाद्यवृंदाला दिली गेली, आणि त्यांनी ती बसवून वाजविली. पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत ही हकीकत सांगितली. राष्ट्रगीताची सुरावट वाद्यवृंदावर आणि सैनिकी बँडवर वाजविता आली पाहिजे, हा विचार त्या चर्चेत महत्त्वाचा होता. येथे आपल्या महाराष्ट्राचा एक पुत्र पुढे आला. 'वंदे मातरम्' बँडवर वाजण्याजोगे नाही, हा आक्षेप दूर करण्यासाठी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी त्या गीताला संचलनास योग्य अशी चाल बांधली आणि ती सर्वांना पटावी म्हणून अपार खटपट केली. अखेर २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. मास्तरांचे श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही. मैफलीत रंगणाऱ्या एका थोर गवयाने पलटणीच्या पावलांचा विचार करीत बसावे, हीच त्या काळाची थोरवी होती.

पण सुरावट ठरली म्हणजे काम संपत नाही. ती सर्वांनी सारखी वाजविली पाहिजे. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ साली, तुर्कस्तानातील स्कुटारी येथे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाच्या संचलनात सुमारे २० ब्रिटिश पलटणींच्या बँडांनी आपले राष्ट्रगीत एकदम सुरू केले. प्रत्येकाची पट्टी निराळी आणि मांडणीही निराळी! मित्रराष्ट्रांच्या सेनापतींसमोर झालेल्या त्या फजितीनंतर, १८५७ साली, लंडनजवळ नेलर हॉल येथे सैनिकी संगीताची शाळा निघाली. स्वतंत्र भारतानेही हा धडा वेळीच घेतला. जनरल करिअप्पा यांच्या पुरस्काराने १९५० साली मध्य प्रदेशातील पचमढी येथे सैनिकी संगीताचे शिक्षण देणारी शाखा सुरू झाली. दऱ्याखोऱ्यांतल्या खेड्यांतून आलेली मुले तेथे स्वरलिपी वाचावयास शिकतात, आणि एकाच कागदावरून शंभर जण एक होऊन वाजवितात. त्याही आधीपासून आपल्या शेजारच्या गोमंतकाने या क्षेत्राची मोठी सेवा केली आहे. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले गोवेकर वादक ब्रिटिशांच्या पलटणींत, संस्थानिकांच्या पदरी आणि पोलिसांच्या बँडमध्ये पिढ्यान्पिढ्या वाजवीत आले आहेत.

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट' होते, ते आपण घरबसल्या पाहतो. सूर्यास्ताला लढाई थांबवून छावणीत परतण्याची जी जुनी खूण, तिचाच हा समारंभ आहे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या सैन्यातील मेजर रॉबर्ट्स यांनी त्याला आजचे रूप दिले. या समारंभाच्या अखेरीस कित्येक दशके 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना वाजत असे. तिचे शब्द हेन्री लाइट यांचे, १८४७ सालचे, आणि तिची चाल विल्यम मंक यांची, १८६१ सालची. ती गांधीजींची आवडती होती. तिचे सूर विरत असताना साउथ ब्लॉकच्या घुमटामागे मावळणारा प्रकाश ज्यांनी पाहिला, त्यांना ती परकी कधीच वाटली नाही. २०२२ साली ती वगळण्यात आली आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' या गीताची धून कार्यक्रमात घेण्यात आली. पुढच्या वर्षी तर सगळ्याच धुना भारतीय होत्या.

या बदलावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. कित्येकांना जुनी प्रार्थना गेल्याचे वाईट वाटले, आणि त्यांचे वाटणे खोटे नाही. पाऊणशे वर्षे राष्ट्राच्या कानात राहिलेला सूर आपलाच झालेला असतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, आपले हुतात्मे आपल्याच माणसाने रचलेल्या सुरांत स्मरावे. तेही खोटे नाही. मी एवढेच सांगेन की, बदलून आलेली धून आपल्याला फार जवळची आहे. कवी प्रदीप यांच्या शब्दांना ती चाल लावली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी. १९६२ च्या चिनी आक्रमणात पडलेल्या जवानांसाठी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर ते गाइले लता मंगेशकरांनी. आता तारखा पाहा. २९ जानेवारी २०२२ रोजी विजय चौकात सैनिकांच्या वाद्यांवर ही धून वाजली, आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लताबाई आपल्याला सोडून गेल्या. मुंबईच्या शिवाजी पार्कवर तिरंग्यात लपेटलेल्या त्यांच्या देहाला शासकीय इतमामाने अग्नी दिला गेला. सैनिकांचा शोक जिने गाइला, तिला शेवटची मानवंदना गणवेशातील माणसांनी दिली. हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता.

बंधुभगिनींनो, आता मी ज्या प्रश्नापाशी यावयाचे म्हणून आरंभीच सांगितले होते, तो प्रश्न. ही सगळी माणसे कोण आहेत? सैन्यातील बँडवाला हा नुसता बँडवाला नसतो. लढाई सुरू झाली म्हणजे तो वाद्य पेटीत ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. जखमींना गोळ्यांच्या वर्षावातून मागे आणणे, त्यांची शुश्रूषा करणे, हे काम परंपरेने त्याच्याकडे आलेले आहे. ज्याला त्याने रात्री खांद्यावर आणले, त्याच्यासाठी सकाळी बिगूल वाजविण्याची पाळीही त्याच्यावरच येते.

आणि आपल्या समाजात वाद्य वाजविणाऱ्याला आपण काय स्थान दिले? स्पष्ट बोलल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. चामडे मढविलेले वाद्य विटाळाचे, तोंडाने फुंकावयाचे वाद्य उष्टे, असे मानून आपण ढोल, हलगी आणि सनई ही ठरावीक जातींच्या गळ्यात बांधली. मातंग, होलार, गुरव यांनी ती विद्या शतकानुशतके सांभाळली. त्यांच्या वाजंत्रीवाचून आपल्या घरचे एकही लग्न लागले नाही. पण पंगत आत बसली आणि वाजंत्री मांडवाबाहेर उभे राहिले. आजही वरातीच्या बँडवाल्याला आपण 'अरे' म्हणूनच हाक मारतो, मग तो वयाने आपल्या वडिलांएवढा का असेना. आपल्या ज्ञातीतील एखादा तरुण सैन्यात अधिकारी झाला तर या व्यासपीठावर त्याचा सत्कार होतो, आणि तो व्हावाच. पण एखादा मुलगा क्लॅरिओनेट किंवा ट्रंपेट घेऊन पलटणीच्या वाद्यवृंदात भरती झाला, तर 'वाजंत्रीच झाला की' असे उद्गार आपल्याच ओसरीवर निघतात. ज्या हातांत राष्ट्र आपला सर्वांत दुःखाचा क्षण विश्वासाने सोपविते, ते हात आपल्याला हलके वाटावेत, हे आपल्या शिक्षणाला शोभणारे नाही. ज्ञातीचे मंडळ हे ज्ञातीचे भले करण्यासाठी असते. ज्ञातीच्या मनातला असा एखादा जुना गैरसमज काढून टाकणे, यासारखे भले दुसरे कोणते?

म्हणून मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे मी काही साध्या सूचना ठेवतो. मंडळाच्या शिष्यवृत्त्यांत एक शिष्यवृत्ती सुषिर किंवा तालवाद्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ठेवावी, आणि त्यासाठी ज्ञातीची अट नसावी. पलटणीच्या किंवा पोलिसांच्या वाद्यवृंदातून निवृत्त झालेले कोणी आपल्या कुटुंबांत असतील, तर पुढील संमेलनात त्यांना व्यासपीठावर बसवावे. आपल्या घरच्या कार्यात वाजविणाऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवावे, आणि त्यांना 'अहो' म्हणावे. मुलांपैकी कोणाला ढोलाची किंवा बिगुलाची आवड दिसली, तर ती दडपू नये. शेवटची सूचना अगदी लहान आहे. कोठे शासकीय अंत्यसंस्कार चालू असेल आणि 'लास्ट पोस्ट'चे सूर कानी आले, तर आपण असू तेथे स्तब्ध उभे राहावे. खिशातील भ्रमणध्वनी काढून ते दृश्य टिपण्याचा मोह आवरावा. तो बिगूल वाजविणारा माणूस त्या क्षणी आपला स्वतःचा हुंदका आवरून उभा असतो. आपल्याकडून एवढे सहज होण्यासारखे आहे.

सैन्यात एक जुनी रीत आहे, तीही सांगून टाकतो. दफनभूमीकडे जाताना वाद्यवृंद संथ शोकसंचलन वाजवितो. परंतु विधी आटोपून पलटण परत फिरली की तोच वाद्यवृंद जलद, उमेदीची चाल वाजवू लागतो. प्रथम ऐकणाऱ्याला हे निष्ठुरपणाचे वाटते. आपल्याकडेही स्मशानातून परतताना मागे वळून पाहू नये असे सांगतात, त्याच अर्थाची ही रीत आहे. गेलेल्याचा मान झाला. आता उरलेल्यांची कामे वाट पाहत आहेत.

आपलीही संमेलनातील कामे वाट पाहत आहेत. मुलांचा कार्यक्रम खोळंबला आहे.